पंधरा हजारांची हडळ

सिनेमा काढण्याचा रोग नाशिकच्या पाण्यातच असावा. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१३ साली मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्याच वर्षी बाडबिस्तरा आवरून त्यांनी आपला सिनेमाचा कारखाना नाशकात आणला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक गल्लीत एक तरी माणूस असा निघतोच, ज्याला रात्रीच्या जेवणानंतर वाटतं की आपणही एक काढावा. बहुतेकांचं सकाळच्या चहापर्यंत उतरतं. माझ्या मावसभावाचं उतरलं नाही.

त्याला भयपट काढायचा होता. भीतीबद्दल त्याला काही खास म्हणायचं होतं अशातला भाग नाही. त्याने कुठेतरी वाचलं होतं की ओरेन पेली नावाच्या माणसाने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' स्वतःच्या राहत्या घरात, आठवडाभरात, पंधरा हजार डॉलरमध्ये उरकला आणि पुढे त्यावर खोऱ्याने पैसा ओढला. यातले 'पंधरा हजार' भावाच्या डोक्यात पक्के बसले आणि 'डॉलर' वाटेत कुठेतरी सांडले.

"पंधरा हजार आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "तेवढ्यात होतो. अमेरिकेत झालाय."

मला त्याने संवादलेखक नेमलं. मानधनाचा विषय काढला तर म्हणाला, "तू काय, घरचाच!" पुढे हे वाक्य त्याने इतक्या लोकांना ऐकवलं की जुनं नाशिक निम्म्याहून अधिक आमच्या घरचं झालं.

पहिला प्रश्न होता, भूत कुठलं घ्यायचं. मराठीत या बाबतीत निवडीला भरपूर वाव आहे. पण वेताळ घ्यावा तर तो एकटा येत नाही. त्याची पालखी, मशाली, मागे भुतांची फौज. एवढ्या लवाजम्याला नुसता चहा पाजायचा म्हटलं तरी निर्माता खचला असता. मुंजा २०२४ साली हिंदीत जाऊन मोठा झाला होता, शिवाय त्याला पिंपळावर चढता येणारा नट लागतो. आमचा नट सोफ्यावरून उठतानाही हात मागायचा.

"चकवा घेऊ," मी सुचवलं. "तो दिसतच नाही. माणसाला फिरवून फिरवून परत तिथंच आणून सोडतो. खर्च शून्य. १९९९ साली 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'वाल्यांनी दुसरं काय केलं? पोरं रानात वाट चुकतात, चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. चकवाच तो."

भाऊ खूश झाला. चाचणी म्हणून नायकाला स्कूटरवर बसवून संध्याकाळी गावातून एक फेरी मारायला लावली. तो तासाभराने घामाघूम होऊन निघाला तिथंच परत आला. चित्रण झकास झालं होतं. मावशीला दाखवलं तर ती म्हणाली, "यात भुताचा काय संबंध? सिंहस्थासाठी रस्ता खोदलाय तो. मी पण कालच अशी फिरले."

मग हडळ ठरली. पांढरी साडी, मोकळे केस, उलटी पावलं. साडी मावशीची, केस भाड्याचे, पावलांचं पुढे बघू.

वाडा मिळाला जुन्या नाशकात. लाकडी खांब, मधे चौक, दिवसाही अंधार असलेला जिना. पावसाळ्याआधी अशा वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात. या वाड्यातली खरोखर अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे दाराला चिकटवलेली तीच नोटीस. मालकीण आजींनी भाडं घ्यायला साफ नकार दिला. त्यांना फक्त कथा ऐकायची होती.

"आजी, हा वाडा पछाडलेला आहे," भावाने सुरुवात केली. "इथं सत्तर वर्षांत माणूस फिरकलेला नाही."

"मग मी कोण?"

"अहो, सिनेमात म्हणतोय मी."

"सिनेमात मी कुठं जाऊ या वयात? मी इथंच राहते. पेन्शनला बँकेत जाते तेवढीच बाहेर."

त्यामुळे कथेत बदल झाला. ओसाड वाड्यात एक आजी आल्या. आजी आल्या म्हणून त्यांची भाडेकरीण आली, कारण तिच्यावाचून आजींना जिना उतरता येत नाही. भाडेकरीण आली म्हणून तिची मुलगी आली, कारण तिला घरी एकटं कसं ठेवायचं? पहिल्याच दृश्यात, जिथे फक्त वाऱ्याने दार करकरणार होतं, तिथे तिघी बसून मटार सोलत होत्या.

इथेच मला बिनपैशाच्या सिनेमाचा मूळ नियम कळला. विकतची वस्तू एकटी येते. उसनी वस्तू मालकासकट येते. वस्तू परत करता येते, मालक जात नाही.

मंडपवाले आप्पा दिवे द्यायला तयार झाले. दिव्यांबरोबर जनरेटर आला, जनरेटरबरोबर पुतण्या आला. आप्पांचा आयुष्यभराचा अनुभव लग्नाचा. त्यांनी हॅलोजन असे लावले की वाड्याच्या तुळयांमधली वाळवीसुद्धा मोजता आली असती.

"आप्पा, थोडा अंधार हवाय."

"अंधार?" आप्पांचा चेहरा पडला. "उद्या लोक म्हणतील, आप्पांच्या मंडपात अंधार होता. माझा धंदा बसेल."

बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी निम्मे दिवे घालवले आणि भरपाई म्हणून मागच्या भिंतीवर आपल्या मंडपाच्या नावाची कनात लावली. हडळीच्या डोक्यावर संपूर्ण सिनेमाभर 'लग्न, मुंज, वाढदिवस' झळकत राहिलं.

हे सगळं आमच्याच वाट्याला आलं असं नाही, हा आपल्याकडचा जुना घराणेदार रिवाज आहे. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. पुढे 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि उरल्या वेळात फिल्मला भोकं पाडत. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला, तेव्हा अख्खं खानदान बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं. एक भाऊ दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, आणि बायका जेवणाच्या आघाडीवर. हिंदी भयपटाचा पाया हा असा पोळीभाजीवर उभा आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे निदान नातेवाईक आपले होते. आमच्याकडे गल्लीचे होते.

कॅमेरा सरकवायला ट्रॉली हवी होती. भावाने मालेगावचा दाखला काढला. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला तेव्हा गब्बरच्या टोळीला घोड्यांऐवजी सायकली दिल्या आणि क्रेनऐवजी बैलगाडी वापरली. त्या मंडळींवर पुढे फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि रीमा कागती यांनी चक्क हिंदी सिनेमा. "त्यांना बैलगाडी चालली, आपल्याला हातगाडी चालेल," भाऊ म्हणाला.

हातगाडी भाजीवाल्या मामांची. अर्थातच मामा सोबत. कॅमेरावाला मेथीच्या जुड्यांमध्ये मांडी घालून बसला आणि मामांनी गाडी अशी लोण्यासारखी ढकलली की काय सांगावं. फक्त वर्षानुवर्षांच्या सवयीने ते प्रत्येक दाराशी थांबायचे. नायिका जीव मुठीत धरून बोळातून पळते आहे, कॅमेरा तिच्या मागे, आणि दर दहा पावलांवर दोघं थांबून जरा दम खातात. एका दारातून हात आला आणि कोथिंबीर घेऊन गेला. तोही सिनेमात आहे.

मंत्र खरे हवेत म्हणून पंचवटीतल्या एका गुरुजींकडे गेलो. त्यांनी कथा शांतपणे ऐकली आणि कपाळाला आठी घातली.

"ही बाई सत्तर वर्षं या वाड्यात भटकते आहे?"

"हो गुरुजी."

"आणि वाड्यापासून रामकुंड किती लांब?"

"चालत दहा मिनिटं."

"बघा! साऱ्या देशातून लोक आपापले अतृप्त आत्मे मार्गी लावायला इथं येतात. त्र्यंबकला नारायण-नागबलीचे तीन दिवस, की काम झालं. आणि नाशकातली बाई नाशकातच सत्तर वर्षं अडकते? हे प्रेक्षकाला पटायचं नाही."

मुद्दा बिनतोड होता. रशियात, रुमानियात भूत शेकडो वर्षं टिकतं, कारण तिथे विधीची सोय नाही. नाशकात भूत टिकवायचं म्हणजे कथेला भोकच. मी रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी उत्तर घेऊन गेलो. "गुरुजी, वाड्याचे वारस सात आहेत. विधीचा खर्च कोणी करायचा यावर त्यांचं एकमत होत नाहीये."

"हां!" गुरुजींचा चेहरा उजळला. "आता अगदी पटलं."

कथेतला तो प्रसंग पुढे ज्याला ज्याला ऐकवला, त्याने भुताला सोडून त्यावरच मान डोलावली. गुरुजी स्वतःच्याच भूमिकेत आले. येताना एक शिष्य आणला.

आता हडळ. बाई मिळेना. गल्लीतल्या मुली नायिका व्हायला एका पायावर तयार होत्या. "हडळ?" एकीच्या आईने विचारलं. "आणि उद्या स्थळवाल्यांनी बघितलं म्हणजे?" आम्ही सांगितलं की चेहरा केसांनी झाकलेला असेल, कोणाला ओळखू येणार नाही. "मग चेहराच दिसणार नसेल तर तिने यायचं कशाला?" या दोन प्रश्नांच्या मधून अजून कोणाला वाट सापडलेली नाही. फाळक्यांनाही तारामती मिळाली नव्हती. त्यांनी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके गाठले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केलं. म्हणजे सीताहरणानंतर रामाला फार लांब शोधायचं कारण नव्हतं.

आमचा साळुंके म्हणजे भावाचा मित्र, सातपूरला एका कारखान्यात शिफ्टवर. त्याला भरघोस मिशी होती. फाळक्यांच्या नटांनीही मिशी काढायला कुरकुर केली होती म्हणतात, कारण मिशी उतरवायची ती वडील गेल्यावर. आमच्या मित्राने शंभर वर्षांत झालेली प्रगती दाखवली आणि हसत हसत मिशी काढली. भाड्याचा विग नीट बसावा म्हणून डोक्याचा गोटाही केला. गोदाकाठी स्वस्तात होतो म्हणून तो तिथंच करून घेतला, आणि तिथून तसाच गल्लीतून चालत घरी गेला.

संध्याकाळपर्यंत त्याच्या घरापुढे चपलांचा ढीग लागला. कारखान्यातले सहकारी, कॉलनीतले शेजारी, कोपऱ्यावरचा दूधवाला. सगळे खाली मान घालून आले, बेल वाजवली आणि दार उघडलं ते त्याच्या वडिलांनी. दूधवाला जो किंचाळला, तशी किंचाळी आमच्या अख्ख्या सिनेमात एकालाही जमली नाही. तेव्हा नेमका कॅमेरा चार्जिंगला होता. वडील मात्र दिवसभर रंगात होते. कोण आलं, कोण आलं नाही, याची त्यांनी वहीत नोंद केली.

उलट्या पावलांवर भावाने अफलातून तोड काढली. हडळीचा मुखवटा आणि केस मित्राच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे, साडीचा पदरही मागून घ्यायचा आणि त्याला उलटं चालायला सांगायचं. बघणाऱ्याला वाटेल चेहरा समोर, पावलं मागे. दिसायला ते खरंच भयंकर दिसलं. पण उलटं चालणाऱ्याला पुढचं दिसत नाही आणि जुन्या वाड्यात पायऱ्या एकसारख्या नसतात. हडळ जिन्यावरून जी सुटली ती थेट चौकातल्या तुळशीवृंदावनाला भिडली. दवाखान्यात डॉक्टरांनी "कसं लागलं?" विचारलं तेव्हा आम्ही चौघांनी चार उत्तरं दिली. टाके पडलेली हडळ मराठी वाङ्मयात बहुधा ही पहिलीच.

रक्ताचा अभ्यास मी केला होता. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत ओतलं होतं. चित्र कृष्णधवल, कोणाला कळतंय! 'इव्हिल डेड'वाल्यांनी मक्याचा पाक वापरला. आम्ही गुळाचा पाक आणि खायचा लाल रंग घेतला. अमेरिकेत मुंग्या बेताच्या असाव्यात. आमचं प्रेत पाच मिनिटं निपचित पडलं, सहाव्या मिनिटाला त्याने कान खाजवला, सातव्याला उठून नाचायला लागलं. मग कोणीतरी म्हणालं, समोरच मिसळ आहे, रस्सा आणा. रंग अप्रतिम आला, वर तवंगही होता. फक्त तो नायकाच्या डोळ्यात गेला. त्याच्या कारकिर्दीतला तो सगळ्यात जिवंत अभिनय. ते पाहून नि त्या वासाने सगळ्यांना भूक लागली आणि उरलेलं रक्त पावाबरोबर संपलं. पंधरा हजारांचा हिशोब पुढे लिहायला घेतला तेव्हा नव्वद टक्के रकमेपुढे 'मिसळ' हा एकच शब्द होता.

आवाजाचं तर विचारूच नका. रात्री दोनला तरी जुनं नाशिक झोपेल, हा आमचा अंदाज. भाऊ "सायलेन्स!" म्हणून ओरडला की आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. "काय झालं हो?" सांगावं लागायचं. सांगितलं की ते खाली यायचे. कोणी स्वेटर घालून, कोणी रजई पांघरून. डिसेंबरची थंडी, निफाडचा पारा उतरला म्हणून रोज पेपरात बातमी. हडळीने साडीच्या आत दोन स्वेटर आणि कानटोपी घातली होती, त्यामुळे ती अतृप्त कमी आणि खाऊनपिऊन सुखी जास्त वाटत होती. आजी दर अर्ध्या तासाने तिला आल्याचा चहा द्यायच्या. "बिचारी उभी आहे केव्हापासून."

शेवटी भाऊ वैतागला. "माणसं नकोत. उघड्यावर जाऊ." म्हणून मखमलाबादच्या पुढे एका द्राक्षाच्या मळ्याकडेला गेलो. काळोख, वेलींच्या रांगा, दूरवर एखादा दिवा. आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे भयपटाला साजेसं वातावरण होतं. हडळ वेलींमधून सरकली, नायिकेने किंकाळी फोडली, आणि दहा मिनिटांत चारही बाजूंनी बॅटऱ्या, काठ्या, कुत्री.

फाळक्यांच्या मंडळींनाही असंच गाठलं होतं म्हणतात. लाकडी तलवारी घेऊन गावाबाहेर फिरणारे लोक बघून गावकऱ्यांना दरोडेखोर वाटले. मी हात वर करून तोच किस्सा सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात बॅटरीचा झोत हडळीवर पडला. पांढरी साडी, पिंजारलेले केस, गालावर टाके. शेतकरी क्षणभर बघत राहिला. मग त्याने मोठा सुस्कारा सोडला.

"अरे, भूत आहे होय! आम्हाला वाटलं बिबट्या."

मागचे सगळे हसले. कोणीतरी फोन लावून गावात कळवलं, "काही नाही, भूत निघालं. झोपा." मग शेकोटी पेटली, चहा आला, मळ्याच्या मालकांनी द्राक्षांच्या भावावर बरंच काही ऐकवलं, आणि कप खाली ठेवताना हळूच विचारलं, "आमचं काही काम निघंल का यात?"

निघालं. बॅटऱ्या, काठ्या, कुत्री, सगळ्यांचं.

सिनेमा पुरा झाला आणि वाड्याच्या चौकातच दाखवायचं ठरलं. पडदा आप्पांचा, खुर्च्या आप्पांच्या, दिवेही आप्पांचे आणि ते त्यांनी याही वेळी बंद करू दिले नाहीत. सिनेमा बावीस मिनिटांचा, पण चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण प्रेक्षकांतला जवळजवळ प्रत्येक जण पडद्यावरही होता. कोणी घाबरायला मोकळंच नव्हतं. "ते बघ, माझा हात!" "कोथिंबीर घेणारी मी!" "कुत्रं आमचं आहे बरं का." नायिका मरते तेव्हा टाळ्या पडल्या, कारण तिच्या मागून आप्पांचा पुतण्या वायर गुंडाळत जातो. गुरुजींच्या प्रसंगाला तर दोनदा दाद मिळाली. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "आमच्याकडे वारस नऊ आहेत." त्यावर पुढच्या रांगेतून दुसरा आला, "दहा. मला विसरलात नेहमीप्रमाणे." हे प्रकरण वाड्याबाहेर रस्त्यावर जाऊन मिटलं.

खरी शांतता पसरली ती श्रेयनामावली सुरू झाल्यावर. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. प्रत्येक जण आपलं नाव वाचायला श्वास रोखून बसला होता. भावाने सगळ्यांची नावं घातली होती, म्हशीच्या मालकाचंसुद्धा, आणि म्हैस तर संकलनातच कापली गेली होती. तरी भाजीवाल्या मामांचं नाव राहिलंच. मामा उठले, काही बोलले नाहीत, फक्त भावाकडे बघितलं. भाऊ दोन पावलं मागे सरला. एवढ्या सगळ्या खटाटोपात घाबरलेला माणूस मी तो एकच पाहिला. मामांचं नाव रातोरात घातलं गेलं, सर्वांत वर, 'छायाचित्रण दिग्दर्शक' म्हणून.

गर्दी पांगल्यावर मावशी खुर्चीत तशीच बसून होती.

"चांगला झालाय रे," ती म्हणाली. "वाडा छान दिसतो. आजी तर किती गोड! पण यात भूत कुठं होतं?"

भावाने निमूटपणे सिनेमा मागे नेला आणि एका जागी चित्र थांबवलं. जिन्यावर सगळे दाटीवाटीने उभे होते. पुढे मटार घेऊन आजी, भाडेकरीण आणि तिची मुलगी, मग गुरुजी नि शिष्य, आप्पा, पुतण्या, मामा, मळ्याचे मालक, काठ्या, कुत्री.

"ती काय, आई. मागच्या रांगेत, डावीकडून चौथी. तुझीच साडी आहे."

मावशी उठून पडद्याजवळ गेली. चष्मा पुसला, डोळे बारीक करून नीट निरखून पाहिलं.

"इस्त्री तरी करायचीस रे!"